अनुभव धागा: देवाची ओढ रोजच्या जगण्यात कशी वाढवावी?

सलाम मंडळी, जय ख्रिस्त.

रविवारी उपासनेत देवासाठी जीव तान्हेला झालाय असं गायचं आणि सोमवारी सकाळी बायबल उघडायचं जिवावर यायचं, हे बहुतेक ख्रिस्ती घरांत चालतं. ही ओढ आपोआप लागेल म्हणून वाट बघत बसणाऱ्यांना ती क्वचितच लागते. म्हणून हा धागा.

एक विनंती: इथे साक्षी (देवाने माझ्यासाठी काय केलं त्या कथा) नकोत, त्यांना रविवारची उपासना आहेच. तुमच्यातले जे वर्षानुवर्षं प्रार्थना शिकवतात, धर्मशिक्षणाचे वर्ग घेतात, घरभेटी करतात, त्यांनी आपला अनुभव कृतीच्या रूपात द्यावा. किती वेळ, कोणत्या क्रमाने, कुठे फसतं आणि का. कॅथलिक, प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल, सगळ्यांनी लिहा. एकमेकांच्या पंथाची उणीदुणी काढायला दुसरे धागे पुष्कळ आहेत.

पाळक, नगर जिल्हा

वाचनापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

आमच्या 66 पुस्तकांच्या बायबलात 1189 अध्याय आहेत. रोज 3 आणि रविवारी 5 वाचले की वर्षात संपतात. हा तक्ता जानेवारीत मोठ्या उत्साहाने वाटला जातो आणि फेब्रुवारीत बंद पडतो. कारण साध्या हिशेबात आहे. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय या वेगाने चार आठवड्यांत होतात, म्हणजे जानेवारी सरता सरता माणूस लेवीय या तिसऱ्या पुस्तकात पोचतो. त्याआधीच निर्गमात निवासमंडपाची (देवाच्या उपासनेच्या तंबूची) मापं एकदा वाचून झालेली असतात, मग बांधकामाच्या वेळी तीच पुन्हा. पुढे होमार्पणं, शुद्ध-अशुद्धाचे नियम, गणनेतल्या याद्या. लेवीय आणि गणना मिळून 63 अध्याय. एक दिवस बुडाला की दुसऱ्या दिवशी 6, तिसऱ्या दिवशी 9. वाचन म्हणजे थकलेला हप्ता होऊन बसतो आणि टेबलावरचं बायबल दिसलं तरी अपराधी वाटायला लागतं. अशा मनात ओढ कुठून येणार?

नव्याने सुरुवात करणाऱ्याला नव्या कराराचे 260 अध्याय पुरेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक, 52 आठवडे. शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे. मत्तयाच्या वंशावळीने आरंभ करू नका, मार्कापासून करा. सोळाच अध्याय आणि धावती गोष्ट.

वाचायचं मोठ्याने. ओठ हलायला लागले की डोळे ओळी गाळत नाहीत. कोणी प्रश्न विचारला, येशूने किंवा येशूला, तर तिथे थांबायचं. मार्क 4 मध्ये वादळात शिष्य येशूला उठवून विचारतात की आम्ही बुडतोय, तुला काळजी नाही का? पुस्तक तिथेच मिटा आणि तोच प्रश्न आपल्या घरातल्या वादळाबद्दल देवाला विचारा, ‘तू’ म्हणून, एका वाक्यात. वाचन आणि प्रार्थना यांच्यामध्ये चहाला उठलात तर सांधा तुटतो. ते एका दमात व्हायला हवं.

लेवीय टाकून द्या असं मी म्हणत नाही, बरं का. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र वाचून झाल्यावर लेवीयाकडे या. मग त्या वेदीचा आणि रक्ताचा अर्थ लागतो.

धर्मशिक्षिका, वसई

पाळकसाहेबांनी प्रश्नांपाशी थांबायला सांगितलं, ते अगदी पटलं. आमच्याकडे याची जुनी रीत आहे. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या कार्थुसियन संन्यासी संघातल्या मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी नुसतं देवासमोर बसणं. गृहिणींच्या आणि नोकरदारांच्या गटाला 25 मिनिटं झेपतात. वाचनाला 5, मननाला 8, प्रार्थनेला 7, उरलेली 5 गप्प बसायला. उतारा 6 ते 10 ओव्यांचाच (वचनांचाच) घ्यावा. येत्या रविवारचं शुभवर्तमान घेतलं तर मिस्सेला (रविवारच्या उपासनेला) जाईपर्यंत ते मनात मुरलेलं असतं.

एक उतारा करून दाखवते. मार्क 10:46-52, यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय.

पहिलं वाचन सावकाश. दुसऱ्या वाचनात फक्त क्रियापदं बघा. बसला होता, ओरडू लागला, लोकांनी दटावलं, आणखीच ओरडला, येशू थांबला, बार्तीमयाने अंगावरचं वस्त्र टाकलं, उठला, आला. भिकाऱ्याचं वस्त्र म्हणजे त्याचं अंथरूण, पांघरूण आणि बहुधा भीक गोळा करायची जागाही. डोळे मिळण्याच्या आधीच तो ते टाकतो. इथे मननाची 8 मिनिटं जाऊ द्या.

मग येशूचा प्रश्न, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला हे विचारायचं? पण जरा वर जा. याच अध्यायाच्या 36 व्या ओवीत याकोब आणि योहान यांनाही येशूने हेच विचारलंय. त्यांनी उजवी-डावीकडची आसनं मागितली. याने दृष्टी मागितली. प्रार्थनेच्या 7 मिनिटांत या प्रश्नाचं स्वतःचं उत्तर द्यायचं, आणि ते खरं द्यायचं. आतून आसन हवं असेल तर आसनच म्हणा. देवाची इच्छाच नाहीये असं वाटत असेल तर तेही सांगा आणि ती इच्छाच मागा. ओढीसाठी यापेक्षा सरळ प्रार्थना मला माहीत नाही.

फसतं ते चौथ्या पायरीवर. पहिल्या मिनिटाला कुकरच्या शिट्ट्या आणि व्हॉट्सॲपची आठवण येते. विचार हाकलत बसू नये. उताऱ्यातला एक शब्द धरून ठेवायचा, मन भरकटलं की त्या शब्दावर परत यायचं. वीसदा भरकटलं तर वीसदा परत. गटात केलं तर दुसरी खोड लागते. मनन संपायच्या आत कोणीतरी प्रवचन सुरू करतं. म्हणून नियम ठेवा: प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, ‘मी’पासून सुरू होणारं. ‘आपण सगळ्यांनी’ असं सुरू झालं की थांबवायचं.

आयटीत, पुणे

थोडक्यात लिहितो. मोबाइलवर बायबल ॲप उघडलं की वरून नोटिफिकेशन खाली येतं आणि प्रार्थना तिथेच संपते. छापील बायबल, साधं गजराचं घड्याळ, मोबाइल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. सकाळी पहिल्यांदा हातात काय येतं, यावर पुढचा अर्धा तास ठरतो. एवढं करूनही ओढ लागेलच असं नाही, पण निदान जागा तरी मोकळी होते.

परिचारिका, मुंबई

सकाळी लवकर उठा, हा सल्ला पाळीवर काम करणाऱ्यांना लागू पडत नाही. मार्क 1:35 मध्ये येशू पहाटे उठून एकांतात गेला, खरंय, पण नाइट ड्युटीवाल्यांची पहाट दुपारी तीनला होते. म्हणून घड्याळाला न बांधता जाग येण्याला बांधा. उठल्यावर 10 मिनिटं, कामावर जायच्या आधी 2, झोपण्यापूर्वी 5. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा (दानीएल 6:10). पहिल्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या दिदाखे या लहानशा ख्रिस्ती पुस्तिकेतही प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलंय. ही चाल जुनी आहे आणि लवचीकही.

मधल्या वेळेसाठी एका श्वासाची प्रार्थना. श्वास आत घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’, सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ही शतकानुशतकं चालत आली आहे. लूक 18 मधला जकातदार आणि वसईच्या ताईंनी सांगितलेला बार्तीमय, दोघांची हाक तीत आहे. आकड्याच्या मागे लागू नका. तिला ठरलेल्या कामांना जोडा: हात धुताना, लिफ्टची वाट बघताना, पुढच्या खाटेकडे वळताना. जोडलं नाही तर दिवसभरात आठवतही नाही.

विरार लोकलमध्ये कानात ऑडिओ बायबल लावणारे पुष्कळ आहेत. चांगलं आहे, पण दादरपर्यंत तीन अध्याय ऐकून उतरल्यावर एकही ओवी सांगता येत नसेल तर तो नुसता आवाज झाला. त्यापेक्षा चिठ्ठीवर एक ओवी लिहून खिशात ठेवा आणि आठवडाभर तीच राहू द्या.

प्रार्थना-गटाच्या ताई, कोल्हापूर

उपासाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आपल्याकडे उपास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वर रताळ्याच्या फोडी. जेवणापेक्षा जड! ख्रिस्ती उपासात पदार्थ बदलण्याला अर्थ नाही, जेवणाची जागा रिकामी राहिली पाहिजे. पोटात भूक जाणवली की तीच प्रार्थनेची घंटा, एवढंच त्याचं तंत्र.

पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकच जेवण सोडा, दुपारचं. पाणी भरपूर प्या. जेवणाला आणि भांड्यांना जाणारा पाऊण तास प्रार्थनेला द्या. तो वेळ टीव्हीला गेला तर ती नुसती उपासमार. जमलं की आदल्या रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशीच्या रात्रीच्या जेवणापर्यंत, म्हणजे दोन जेवणं सोडून. दिदाखेत बुधवार आणि शुक्रवार सांगितलेत. आमच्या गटात शुक्रवार धरतात.

डोकं दुखतं ते बऱ्याचदा भुकेने नाही, चहा तुटल्याने. दोन दिवस आधीपासून चहा अर्ध्यावर आणा. सोडताना वडापाव नको. मऊ भात, पेज किंवा ताक-भात. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी, आणि खाण्याबद्दलचा आजार होऊन गेलेल्यांनी जेवण सोडू नये. त्यांनी एखादी मालिका किंवा इन्स्टाग्राम सोडावं. कॅथलिक नियमातही राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवसांचा उपास 18 ते 59 वयाच्यांनाच आहे, आणि त्यातही एक पूर्ण जेवण चालतं.

दोन ठिकाणी उपास नासतो. एक, चेहरा पाडून घरभर चिडचिड केली की. मत्तय 6 मध्ये येशू डोक्याला तेल लावून तोंड धुवायला सांगतो ते याचसाठी. दुसरं, वाचलेले पैसे आपल्याच खिशात राहिले की. यशया 58 उघडून बघा, देवाला पसंत असलेल्या उपासात आपलं अन्न भुकेल्याला वाटणं आलंच. त्या जेवणाचे पैसे वेगळ्या डब्यात टाका आणि महिनाअखेरीस कोणाला द्यायचे ते घरच्यांसमोर ठरवा.

अभ्यासक, छत्रपती संभाजीनगर

वरचं सगळं वाचून एक शंका. ओढ ही कृपा आहे. पित्याने आकर्षून घेतल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही, असं येशूच म्हणतो (योहान 6:44). मिनिटं आणि पेजेचे प्रकार सांगून आपण कृपेचं यंत्र तर बनवत नाही ना?

पाळक, नगर जिल्हा

शंका रास्त आहे. म्हणूनच फिलिप्पैकरांस पत्र 2:12-13 एकत्र वाचावं. तुम्ही आपलं तारण साधा, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे. पौल ‘पण’ म्हणत नाही, ‘कारण’ म्हणतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 चं संजीवन (सामूहिक आध्यात्मिक जागृती) झालं, त्याच्या आधी पंडिता रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला एकत्र यायला सांगितलं होतं. संजीवन कोणी तारीख लावून आणलं नाही, पण रोजची बैठक मात्र वेळ लावूनच चालली.

फादर, नाशिक

रुक्ष काळाबद्दल लिहायला हवं, कारण बहुतेक माणसं तिथेच सोडून देतात.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे दोन नियम फार उपयोगी आहेत. पहिला, मन कोरडं पडलेलं असताना चांगल्या काळात केलेला निश्चय बदलायचा नाही. दुसरा, प्रार्थना नकोशी वाटेल त्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्त थांबायचं. पंधरा मिनिटं ठरली असतील तर सोळावं मिनिट बसून उठा. उलट आनंदाच्या भरात दोन-दोन तासांचे नवस बोलू नका. ते पुढच्या कोरड्या आठवड्यात गळ्याशी येतात.

रात्रीची उजळणी 10 मिनिटांची. देवाच्या सान्निध्याची आठवण, मग दिवसातल्या तीन गोष्टींसाठी आभार, मग सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस तासातासाने बघणं, मग जिथे चुकलं तिथे क्षमा, शेवटी उद्याची एक गोष्ट. हा क्रम उलटा झाला की उजळणीची चार्जशीट होते. लोक आभार उरकतात आणि दोषांवर आठ मिनिटं घालवतात. दिवस बघताना विचारायचं ते हे: आज देवाकडे कुठे खेचलो गेलो, आणि कुठे त्याच्यापासून लांब सरकलो? पंधरा दिवस एका ओळीत लिहून ठेवलं तर आपल्या ओढीचा माग लागतो. कोणाला ती आजाऱ्याच्या उशाशी सापडते, कोणाला शेताच्या बांधावर. ती जिथे सापडली तिथे आठवड्यातून अधिक वेळ द्या.

आणि सगळी मरगळ आध्यात्मिक नसते. 1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलिया मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, भाकर आणि पाणी देतो. एलिया झोपतो. पुन्हा भाकर, पुन्हा पाणी. देवाची वाणी फार पुढे, होरेब डोंगरावर. तेव्हा आधी झोप आणि जेवण तपासा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. प्रार्थना कमी पडली म्हणून असं झालं, असं त्या माणसाला कोणीही म्हणू नये.

रविवार शाळेच्या बाई, सोलापूर

कौटुंबिक प्रार्थनेचं सांगते. लहान मुलं असतील तर 8 मिनिटं, त्यावर नको. गीताचं एक कडवं, 6-7 ओव्या (गोष्ट असलेल्या), प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. वाचन मुलांकडे द्या, अडखळले तरी चालेल. जेवणाच्या आधी ठेवा, नंतर सगळे पेंगतात.

घात दोन गोष्टी करतात. वडिलांचं प्रवचन, आणि प्रार्थनेतून दिलेली बोलणी. ‘हे प्रभू, आमच्या बंटीला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइलपासून त्याला सोडव.’ बंटीला कळतं की हे प्रभूला उद्देशून नाही! त्यानंतर तो डोळे मिटतो, पण आत काही जात नाही.

गीत महिनाभर एकच ठेवा, पाठ होईपर्यंत. स्क्रीनवर ओळी दिसतात म्हणून हल्ली पाठ होत नाहीत, आणि दवाखान्याच्या बाकावर स्क्रीन नसते. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (1861-1919) अभंग-ओवीच्या चालीत इतकं लिहून ठेवलंय की ते टाळ-चिपळ्यांवरही म्हणता येतं. मुलांना त्या ठेक्यात पटकन येतं.

कॅथलिक गृहस्थ, पालघर

रोझरीची (मण्यांच्या माळेवर म्हणायच्या प्रार्थनेची) भर घालतो. घाईत म्हटली तर बारा मिनिटांत उरकते आणि त्यात काही उरत नाही. प्रत्येक दशकाआधी (दहा मण्यांच्या भागाआधी) त्या रहस्याची, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या त्या प्रसंगाची, एक ओवी वाचून अर्धा मिनिट गप्प बसा. वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल तर पाच दशकांऐवजी एकच म्हणा, पण या पद्धतीने.

आजाऱ्यांच्या भेटीही सोडू नका. आठवड्यातून एक घर, 20 मिनिटं. आधी फोन करा. बसून बोला, उभ्याने नको. आजाराची चौकशी एकदाच. प्रार्थना करू का, असं विचारा, आणि हो म्हटलं तर स्तोत्र 23 वाचून दोन वाक्यांत आटपा. कोण कशाने बरं झालं याच्या कथा तिथे सांगू नयेत.

धागाकर्ता

स्तोत्रांचं कोणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो. 150 स्तोत्रं, रोज 5, महिन्यात पूर्ण. तारीख घ्या आणि तीत 30-30 मिळवत जा. आज 12 असेल तर 12, 42, 72, 102, 132. म्हणजे तहानलेल्या हरिणीचं 42 वं दर 12 तारखेला, 63 वं दर 3 तारखेला, 84 वं दर 24 तारखेला येतं. शेवटपर्यंत अंधारातच राहणारं 88 वं 28 तारखेला. मनःस्थितीप्रमाणे स्तोत्र निवडलं की माणूस ठरावीक चार-पाचांतच घुटमळतो. तारखेने वाचलं की आनंदात असताना दुसऱ्याचं रडणं वाचावं लागतं आणि दुःखात असताना दुसऱ्याची स्तुती.

अडचण 29 तारखेची. तेव्हा 119 वं येतं, ओव्या 176. ते त्या दिवशी गाळा आणि 31 तारखेला एकट्याचं वाचा. 8-8 ओव्यांचे 22 भाग आहेत, दिवसभरात चार-पाच वेळा बसून होतात.

परिचारिका, मुंबई

आणि 30 दिवसांच्या महिन्यात 119 चं काय? फेब्रुवारीत तर 29 आणि 30 दोन्ही नाहीत.

धागाकर्ता

30 च्या महिन्यात आणि फेब्रुवारीतही 119 मधला रोज एकच भाग वाचायचा, 1 ते 22 तारखेपर्यंत, त्या दिवसाच्या पाचांच्या शेवटी. फेब्रुवारीत 27 आणि 28 तारखेला रात्रीही बसायचं. 27 च्या रात्री 29, 59, 89, 149 आणि 28 च्या रात्री 30, 60, 90, 120, 150. पैकी 89 वं लांब आहे, 52 ओव्यांचं. त्या रात्री नाइट ड्युटी असेल तर ते दुपारीच उरकून घ्या.